कौलाचे बाळंतपण

सत्यवान राऊळ यांनी सुनेच्या बाळंतपणाचा निर्णय देवावर सोपवला होता. सुनेला, संचिताला, गरोदरपणातला मधुमेह होता आणि मूल फार मोठे होते, म्हणून डॉ. रश्मी यांनी सिझेरियन सुचवले होते. सत्यवानांनी गावच्या देवळात पाषाणाला कळ्या लावून कौल मागितला: बाळंतपण नॉर्मल होईल ना? उजवीकडची कळी पडली, म्हणजे होकार. साखर आणि वजन देवाला कोणी सांगितलेच नव्हते. संचिताला ऑपरेशन हवे होते, पण तिला विचारायचे कोणाला सुचले नाही. तिचा नवरा ओंकार याने मत दिले नाही. त्याला मत असेल अशी घरात कोणाची समजूतही नव्हती.

कळा सुरू झाल्यावर तिला मुद्दाम घरीच थांबवले. ऑपरेशनाला वेळ उरू नये, एवढा वैद्यकीय विचार कुटुंबाने केला.

मालवणच्या दवाखान्यात मुलाचे डोके बाहेर आले आणि पुन्हा मागे ओढले गेले. खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे अडकला होता. मूल गुदमरायला काही मिनिटे पुरेशी होती. सोबतीला आत आलेली सासू मथुरा पोटावर दोन्ही हात रोवून वाकली.

"मी वयसून दाबतंय. आमच्यात असाच करतत."

"हात काढा," डॉक्टर म्हणाल्या. "वरून दाबलंत तर खांदा आणखी रुतेल."

परिचारिकांनी संचिताचे गुडघे पोटाशी दुमडले. एकीने हाडाच्या लगतच, अडकलेल्या खांद्यावर बाजूने दाब दिला. खांदा सुटेना. डॉक्टरांनी आत हात घालून मुलाचा मागचा हात छातीवरून बाहेर काढला, तेव्हा मूल आले. निळे, निपचित. बऱ्याच प्रयत्नांनी रडले. अडकलेल्या खांद्याचा हात मात्र हलेना. खांद्याच्या नसा ताणल्या आहेत, व्यायामाने सुधारेल, पण खात्री देता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

घरी आल्यावर सत्यवानांनी तो हात दुपट्यात गुंडाळून घेतला आणि मगच पाहुण्यांना आत बोलावले. देवाचा शब्द कसा खरा ठरला, हे ते प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगत होते.

संचिताने सर्वांसमोर दुपटे सोडले.

"बघा, झिलाचो हात हलणा नाय. माका ऑपरेशन होया होता. ह्या घरात माका कोणी इचारूक नाय."

पोराला थंडी लागेल, असे सत्यवानांनी सुचवले. मे महिन्याची दुपार होती. संचिताने दुपटे पायाशी टाकले.