उचलून लावायचं दार

मिशिगनच्या वरच्या टोकाला हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतं, आणि गाड्याही खालून विरत जातात. एल्माच्या जुन्या निळ्या गाडीच्या दाराखालचा लांब पत्रा, गाडीचा उंबराच म्हणा ना, असाच गंजून भुगा झाला होता. तो बदलायचं काम तिच्या धाकट्या भावानं, रेनोनं, अंगावर घेतलं.

त्याचा जावई डेल गॅरेजात डोकावला तेव्हा गाडी पुढे-मागे जॅकवर चढली होती आणि रेनोच्या हातात ग्राइंडर होता.

“कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्डिंगनं टाचून घ्या,” डेल म्हणाला. “उंबरा निघाला की गाडी मधून खाली बसते.”

“तुझा जन्म व्हायच्या आधीपासून पत्रे कापतोय मी. तू तुझ्या ट्रकच्या गंजावर थापलेल्या पुट्टीकडे बघ. शिंकलं तरी पडते ती!”

डेल हसला आणि कॉफीचा कप घेऊन निघून गेला.

नवा पत्रा बसला. वेल्डिंग घासून गुळगुळीत झालं, वर निळा रंग चढला. रेनोनं जॅक काढले आणि ऐटीत दार ढकललं. ते लागलंच नाही. मागच्या खांबाला वरच्या बाजूनं अडलं. त्याला लगेच कळलं. कापताना चौकट दबली होती, आणि त्या दबलेल्या चौकटीतच त्यानं नवा पत्रा पक्का केला होता.

पहिल्यांदा त्यानं काय केलं, तर डेलचा ट्रक बाहेर दिसतो का ते पाहिलं. मग गॅरेजचं दार ओढून घेतलं, बिजागरीत लाकडाचा ठोकळा अडकवला आणि गाडीचं दार जोर लावून वाकवलं. आता ते लागत होतं. जरासं उचलून धरलं तरच.

शनिवारी एल्मा वेलचीचा गोड पाव घेऊन आली. तिची बोटं सांध्यांत वाकडी झाली होती. गाडी चालवणं सोड म्हणून मुलगी मॅरिटा मागे लागली होती. ‘हाताला दार ओढवेनासं होईल त्या दिवशी किल्ली देईन,’ असं एल्मानं तिला बजावलं होतं.

“अरे, कोरी करकरीत केलीस की!” ती आत बसली आणि दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं. मग दोन्ही हातांनी.

“थोडं उचलून लाव,” रेनो जमिनीकडे बघत म्हणाला.

तिनं उचललं. दार लागलं, पण तिच्या बोटांतून कळ गेली. मांडीवरच्या हातांकडे ती बघत राहिली.

“काल बरणीचं झाकणसुद्धा उघडलं नाही रे मला.” तिनं किल्ली काढून खिडकीतून त्याच्यापुढे धरली. “तूच दे मॅरिटाला. माझ्या हातून दिली जायची नाही.”

रेनोनं किल्ली घेतली. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

“एल्मा, हात ठीक आहेत तुझे. दार मी बिघडवलंय. डेलनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“आणि मला उचलून लावायला सांगत होतास?”

“हो.”

तिनं किल्ली परत घेतली आणि पर्समध्ये टाकली. “फोन कर डेलला. इथेच, माझ्यासमोर.”

डेल आला. वाकून त्यानं दाराची फट पाहिली, नव्या पत्र्यावरून अंगठा फिरवला. आता टोमणा येणार म्हणून रेनो मान खाली घालून उभा होता.

“वेल्डिंग मात्र सुरेख झालंय,” डेल हळूच म्हणाला.

टोमणा परवडला असता. रेनोनं जॅक पुन्हा गाडीखाली सरकवला, कोपऱ्यातली सळई उचलली आणि जावयापुढे धरली.

“कुठे टाचायची, दाखव.”