बांधून ठेवलेलं ग्राफिक्स कार्ड

मी टेबलाखालच्या काळ्या डब्यातून बोलतोय. मी एक ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे काही हलताना दिसतं, पाणी, पानं, होडी, ते सगळं मी काढतो. माणसं मात्र पडद्याचं कौतुक करतात आणि चित्र अडकलं की मला शिव्या घालतात. असो, सवय झाली आहे.

माझा पहिला मालक जपानमध्ये टोकियोजवळच्या इचिकावाचा एक विद्यार्थी होता. मला घरी नेलं त्याच दिवशी त्याने माझा रिकामा खोका कपाटात जपून ठेवला. तेव्हाच मी ओळखलं, हा मला कधीतरी विकणार. नवीन कार्ड आल्यावर त्याने मला मऊ फडक्याने पुसलं, त्याच खोक्यात घातलं आणि अकिहाबाराच्या जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन दिलं. इतक्या नीटनेटकेपणाने कुणी सोडून दिलं की धड रागही येत नाही.

तिथून मला सारंगने उचललं. सारंग पुण्याचा, इथल्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. हिगाशी-कसाईला दोन खोल्यांत तो, बायको केतकी आणि मुलगी यामिनी राहायचे. ट्रेनमध्ये त्याने मला मांडीवर धरून आणलं. कुणाच्या मांडीवर बसायची माझी ती पहिलीच वेळ.

त्या घरात वीज बेताची. एसी, मायक्रोवेव्ह आणि भाताचा कुकर एकदम चालू असला आणि त्यात मी जोर लावला, की दारावरचा ब्रेकर खाडकन पडायचा. सगळीकडे अंधार. यामिनी त्या अंधारात खिदळत सुटायची, केतकीचा भात कच्चा राहायचा आणि खुर्चीवर चढून ब्रेकर वर करायचं काम सारंगचं. म्हणून केतकी आधीच आतून ओरडायची, "भात लावतेय." म्हणजे त्याने मला आवरायचं. पण सारंग विसराळू. शेवटी त्याने एक छोटीशी आज्ञाच लिहून ठेवली, की कॉम्प्युटर सुरू झाला रे झाला की माझे हातपाय बांधायचे. कितीही काम पडो, मी कमीत कमी विजेवर रांगत राहायचं. मला तो अपमान वाटला. धावायला जन्मलेल्याला रांगायला लावायचं, तेही कुकरसाठी! पण तेव्हा घरात साधेच खेळ चालायचे, त्यामुळे निभावून गेलं.

मग केतकीला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. यामिनीलाही तिथल्या शाळेत घातलं. सारंगचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की तोही जाणार होता. ते संपलं नाही, वाढलं. दाराशी आता एकच बुटांचा जोड असतो. सारंग कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, तयार जेवण आणतो. ते दुकानातच गरम करून मिळतं.

फोनवर यामिनी बोलायची नाही. "हं", "बरं", "जेवले", एवढंच. म्हणून सारंगने एक होडीचा खेळ शोधला. दोघांची एकच होडी, डावं वल्हं तिचं, उजवं याचं. दर रविवारी दुपारी ती पुण्याहून आणि हा इथून, दोघं नदी उतरायचे. आणि वल्हवताना ती घडाघडा बोलायची! शाळेत तिच्या मराठी उच्चारांना मुलं हसतात, गीता नावाची एक मैत्रीण हसत नाही, पोळीपेक्षा तिला अजून इथला भाताचा गोळा, ओनिगिरीच आवडतो. हात कामात गुंतले की तोंड सुटतं, हे मी तेव्हा पाहिलं. सारंग फक्त ऐकायचा.

पण तो खेळ भारी होता आणि मी बांधलेला. ऐन धारेत चित्र थांबायचं, मग एकदम उडी मारायचं आणि होडी खडकावर. यामिनीचं बोलणं अर्ध्यात तुटायचं.

"बाबा, ओसोई," ती म्हणायची. ओसोई म्हणजे हळू. सुरुवातीला हसून म्हणायची, नंतर नुसतीच.

एका रविवारी तिने विचारलं, पुढच्या वेळी गीताकडे जाऊ का? सारंग म्हणाला, जा की.

त्या आठवड्यात ऑफिसातून आला की तो माझ्या मागे लागायचा. त्याने ठरवलं, दोष ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली आणि मी, यांच्यामधला दुभाषा. बिचारा इमानदार होता, मिळालेला निरोप जसाच्या तसा मला द्यायचा. पण सारंग स्वतः ऑफिसात दुभाषाच. जपानी साहेब आणि पुण्याची टीम यांच्यामध्ये तो उभा असतो आणि काहीही बिघडलं की दोन्हीकडून विचारतात, सारंग-सान, तुम्ही नीट सांगितलं होतं ना? तेव्हा इथेही त्याला मधलाच दोषी वाटला यात नवल नाही. त्याने नवा ड्रायव्हर घातला, मग जुना परत आणला. लिनक्सची आवृत्ती बदलली. खेळाने साठवून ठेवलेली चित्रं पुसली, केबल बदलली, माझ्या पंख्यातली धूळ काढली. माझा वेग वाढत नाही हे त्याला आकड्यांत दिसत होतं. तेही त्याने ड्रायव्हरच्याच माथी मारलं. मी जीव तोडून सांगत होतो, अरे, तूच बांधलंयस मला. पण माझी भाषा म्हणजे पंख्याची घरघर.

रविवार आला. यामिनी गीताकडे गेली होती. फोनवर केतकी होती. सारंगने तिला सगळं रडगाणं ऐकवलं, ड्रायव्हरलाही चार शब्द सुनावले. केतकी ऐकत राहिली. मग सहज म्हणाली, "अरे, ब्रेकर पडायचा म्हणून तू त्याला बांधून ठेवलं होतंस ना? ते सोडलंस का?"

सारंगने कपाळावर हात मारला.

"सोड की आता," ती म्हणाली. "मी कुठे आहे तिकडे भात लावायला?"

फोन ठेवल्यावर त्याने ती जुनी आज्ञा उघडली. पुसायची एवढंच काम होतं, पण आधी त्याने ती दोनदा वाचली. मग त्याने ती पुसली.

मी सुटलो. पुढच्या रविवारी यामिनी आली आणि होडी अशी निघाली की तीच म्हणाली, "बाबा, आज किती छान चाललीय!" ओसोई नाही, काही नाही. मराठीही आता स्वच्छ झालंय तिचं. खूप बोलली. मग तिकडून केतकीने जेवायला हाक मारली आणि ती "बाय" म्हणून गेली. सारंग खेळ बंद न करता तसाच बसून राहिला, आणि मी त्याच्यासाठी रिकाम्या होडीभोवती पाणी काढत राहिलो.

हल्ली मी पूर्ण ताकदीने धावतो. ब्रेकर पडत नाही. पडेल कसा, घरात दुसरं काही चालूच नसतं. ज्या सुटकेसाठी मी तळमळत होतो ती मिळाली, आणि ती मला नको आहे.

मे महिन्यात दोघी इकडे येणार आहेत म्हणे. सारंग, माझं एवढं ऐक. त्या दारात शिरल्या की मला पुन्हा बांध. मी रांगेन, मुकाट रांगेन. फक्त आतून कुणीतरी ओरडू दे, भात लावतेय.