एल्मरबुवांची हाक

कांदिवलीच्या त्या चाळीत बुवा दोन होते. एक गुणाजी परब, जो कोकणातून येताना गळ्यात भजन घेऊन आला होता. आणि दुसरे एल्मरबुवा, जे गुणाजीच्या टेपरेकॉर्डरमध्ये राहायचे. एल्मर टॉलिव्हर हे त्यांचं खरं नाव. अमेरिकेतला हा गवई मरून गेला होता आणि मरण्याआधी तुरुंगात होता, एवढंच गुणाजीच्या बोटीवरच्या मेहुण्याला, काशीरामला, ठाऊक होतं. कॅसेट त्यानेच आणली होती. या गाण्याला तिकडे 'सोल' म्हणतात, सोल म्हणजे आत्मा, असं त्याने सांगितलं तेव्हा गुणाजी हसला होता. आत्म्याचं गाणं म्हणजे भजनच झालं की! कोकण्याला ते कोणी शिकवायचं?

संपात गिरणी गेली आणि गुणाजी खोक्यांच्या कारखान्यात लागला. घरी आला की हातपाय धुऊन आधी टेप लावायचा. मालन, त्याची बायको, चहा टाकी तोवर पहिलं गाणं सुरू झालेलं असायचं. इंग्रजीचं अक्षर त्याला कळत नव्हतं, पण त्या गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबत आणि एल्मरबुवा अशी एक हाक मारत, की गुणाजीच्या छातीत काहीतरी उसवून जाई. बाप गेला तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं. ते या हाकेला आलं. मालाडला डबल बारी ठरली होती, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यात चीत करतात तो सामना. गजराच्या ऐन भरात ही हाक मारायची आणि समोरच्याला गार करायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. फक्त ती त्याच्या गळ्यातून काही केल्या निघत नव्हती.

गंमत अशी, की ती हाक ऐकू येई 'धोंडूऽऽ' अशी. आणि गुणाजीच्या पखवाजीचं नाव धोंडू गावडे. दोघं एकाच वाडीतले, गिरणीत एकाच खात्यात घाम गाळलेले, एका ताटात जेवलेले. चाळीला थट्टेला आयतं निमित्त मिळालं. शेजारची कॉलेजात जाणारी वनमाला एकदा म्हणाली, "काका, धोंडू नाही हो, 'डोन्ट यू' म्हणतोय तो. म्हणजे, करू नकोस." पण करू नकोसपेक्षा धोंडूच सगळ्यांना बरा वाटे.

एका रविवारी दुपारी तालमीआधी गुणाजीने टेप लावला. हाक आली, 'धोंडूऽऽ', आणि धोंडूने रंगात येऊन खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "ओ!" खोली हसून लोळली. दारात तांदूळ निवडत बसलेली चाळीतली म्हातारी जानकीआत्ये तेवढी हसली नाही.

"मेल्या, अनवळखी हाकेक पयल्याच फटक्यात ओ देव नये रे," ती म्हणाली.

"गो आत्ये, अमेरिकेसून कोण येतलो माका न्हेवक?" धोंडू म्हणाला आणि पखवाजावर थाप मारून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी टेपमध्ये हाक नव्हती. गाणं तेच, वाद्यं नेमकी तिथेच थांबली, पण पुढे नुसती खरखर. गुणाजीने कॅसेट काढून पेन्सिलीने रीळ घट्ट केलं, पुन्हा लावली. मग मालनला हाक मारून जवळ बसवलं.

"आहे की," मालन म्हणाली. "धोंडूऽऽ म्हणतो, तिथंच आहे. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

नाही म्हणायची त्याला लाज वाटली. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. एखाद्याचं मूल हरवावं तसा तो त्या खरखरीत कान घालून बसू लागला आणि हळूहळू त्याच्या मनाने एक हिशेब जुळवला. ज्याने ओ दिली, हाक त्याच्याकडे गेली. धोंडू पान चघळत समोर बसला, की गुणाजी त्याच्या गळ्याच्या घाटीकडे बघत राही.

तालमीत एकदा धोंडूचा ठेका चुकला आणि तो हसला. गुणाजीने त्याच्या थोबाडीत मारली. टेप शेजारी चालूच होता, आणि त्याच क्षणी त्या रिकाम्या जागेतून, खोल विहिरीतून यावं तसं, 'धों' उमटलं.

"गुणाजी, माका मारलंस तू?"

"चुकलंच रे माझं," गुणाजी म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने धोंडूला नाक्यावर नेऊन मिसळ खिलवली. पण घास चावतानाही त्याच्या कानात तेच अर्धवट अक्षर घुमत होतं.

मग त्याने पडताळा पाहिला. नळावर चाळीतल्याच खंडूशी मुद्दाम भांडण उकरून त्याचं तोंड फोडलं, रक्ताने हात माखला, आणि तसाच घरी येऊन टेप लावला. टेप मुका. परक्याचं रक्त चालत नव्हतं. दोन दिवसांनी त्याने दार लोटलं तेव्हा फटीत धोंडूचं बोट होतं. ते आहे हे पाहूनच त्याने लोटलं. हाडाचा आवाज झाला आणि हाक आणखी वर चढली, 'धोंडू'पर्यंत, पण पुढचा तो लांबवलेला सूर, ज्यासाठी सगळा जीव टांगला होता, तो काही आला नाही. बारीआधी बुवाचं डोकं तापतंच, असं म्हणत धोंडू बोटाला चिंधी बांधून पुन्हा तालमीला आला. मारताना गुणाजीला धोंडूचा राग येत नव्हता, उलट माया दाटून येत होती, हेच सगळ्यात भयंकर होतं.

बारी तोंडावर आली. दुपारची वेळ होती, मालन बाजारात गेली होती. धोंडू मांडीवर पखवाज घेऊन, चामड्याशी कान लावून, हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो सुरात आणत होता. टेपवर एल्मरबुवा गात होते. गठ्ठा बसला तशी धोंडूने हातोडी खाली ठेवली आणि डोळे मिटून नाद ऐकू लागला. वाद्यं थांबायच्या जरा आधी गुणाजीने ती हातोडी उचलली.

पहिल्या घावाला धोंडू पखवाजावरच वाकला. दुसऱ्याला त्याने मान वळवून वर पाहिलं, कोणीतरी चुकून धक्का दिल्यावर पाहावं तसं. पुढचे घाव गुणाजीने मोजले नाहीत. कानशिलाचं हाड आत गेलं, शाई लावलेल्या चामड्यावर रक्त पसरलं, धोंडूचे हात मात्र काही वेळ सवयीने थाप शोधत राहिले. आणि मग हाक आली. पुरती, लांब, काळीज चिरत जाणारी. ती टेपमधून येत नव्हती. गुणाजीच्या गळ्यातून येत होती. "धोंडूऽऽऽ!" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आयुष्यात एवढं सुख त्याला कधी झालं नव्हतं.

खालच्या गॅलरीत कोणीतरी म्हणालं, "काय आवाज लागलाय रे बुवांचा आज!"

सूर सरला. गुणाजी हातोडी मांडीवर ठेवून धोंडूच्या शेजारी बसला, त्याच्या केसांवरून हात फिरवत. टेपवर दुसरं गाणं सुरू झालं होतं. ते त्याने आजवर फारसं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. आता ऐकताना त्याच्या लक्षात आलं, की त्याच्याही मध्यावर वाद्यं थांबतात, तिथेही नुसती खरखर आहे, आणि तीही जागा कोणीतरी भरायची बाकी आहे.

जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. मालन भाजीची पिशवी घेऊन दारात आली आणि बाहेरच्या उन्हातून आत नजर बसेना म्हणून तिथेच थबकली.

"अहो, धोंडूभावजी असे का आडवे झालेत?"

गुणाजीने तिच्याकडे पाहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतही त्याला तिच्याबद्दल एवढी माया वाटली नव्हती.

"मालन," तो हळूच म्हणाला, "आत ये. कडी लावून घे."