चांदणीखालची ओळ

"छत्तिसाचे चाळीस!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि ठाकुर्लीच्या त्या मंगल कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. एका मुलाने मोबाइल उंच धरला होता. पडद्यावर कॉलेजचा निकाल, भौतिकशास्त्रापुढे चाळीस, आणि चाळिसाच्या खांद्यावर एक छोटीशी चांदणी. बायकांनी माना उंचावून ती पाहिली आणि हात जोडले.

व्यासपीठावर, एरवी नवरानवरी बसतात त्या लाल मखमली खुर्चीत, अंकेश्वर महाराज बसले होते.

"आठ दिवसांपूर्वी कॉलेजच्या कच्च्या यादीत याला किती होते?"

"छत्तीस!"

"मास्तरांनी पेपर परत तपासला?"

"नाही!"

"मग चार गुण आले कुठून?" महाराजांनी बोट वर केलं. वर छताचा पंखा फिरत होता, पण सगळ्यांनी त्याच्याही पलीकडे पाहिलं. "बाळांनो, पेपर मास्तर तपासतो. मास्तराला मी तपासतो!"

नीरजा मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. डोंबिवलीच्या त्या कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची आणि नोकरीत सगळ्यात नवी म्हणून परीक्षा समितीचं संगणकाचं कामही तिच्याच गळ्यात होतं. आज ती आली होती सान्वीसाठी. दुसऱ्या वर्षाची ही मुलगी तेरा गुणांनी नापास झाली होती. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख, ऑनलाइन खिडकी तीनला बंद. आत्ता दीड वाजला होता. फॉर्म गेला की तिसऱ्या वर्षाचा प्रवेश गेला. नीरजाने सकाळी फोन केला, तर आईने सांगितलं, महाराज नको म्हणालेत.

पहिल्या वर्षाची कच्ची यादी कालच फलकावर लागली होती, त्यामुळे व्यासपीठापुढे नवी रांग होती.

"किती कमी?"

"पाच, महाराज."

कपाळाला अंगारा. "जा. चांदणी उमटेल. पुढचा?"

"नऊ."

"उमटेल. पुढचा?"

"सतरा."

महाराजांनी डोळे मिटले, सुस्कारा सोडला. "कर्म जड आहे रे. अकरा गुरुवार यावं लागेल. तोवर फॉर्मबिर्म भरायचा नाही. फॉर्म म्हणजे शंका. शंका आली की कृपा आटते."

नीरजा मनात मोजत होती. सातवाल्याला अंगारा, सहावाल्याला अंगारा, दहावाल्यालाही अंगारा. अकरावाल्याला अकरा गुरुवार. रेघ बरोबर दहावर होती. कॉलेजचा वाढीव गुणांचा नियम या माणसाला स्टाफरूममधल्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा चांगला पाठ होता.

आणि हे तिला काही आजच कळलं नव्हतं; वर्षभरापासून माहीत होतं.

निकाल पूर्वी कागदावर लागायचा तेव्हा खाली एक ओळ असे: 'चांदणी म्हणजे नियमाप्रमाणे कॉलेजने दिलेले वाढीव गुण.' निकाल मोबाइलवर दिसावा म्हणून नीरजाने नवं पान बनवलं. ती ओळ छोट्या पडद्यावर तुटून तक्त्यात घुसायची. तिने ती काढून टाकली. पान सुबक दिसलं. समितीप्रमुख हरिहर सरांनी शाबासकी दिली. मागच्या वर्षी तिला पहिला फॉरवर्ड आला, 'महाराजांची चांदणी'. ती हसली. दहा मिनिटांचं काम होतं ओळ परत टाकायचं, पण मग सरांना सांगावं लागलं असतं की ती मीच, न विचारता, काढली. तिने फोन बाजूला ठेवला. त्याच वर्षी विश्राम नावाच्या मुलाने चौदा गुणांसाठी अकरा गुरुवार केले, फॉर्म भरला नाही आणि वर्ष घालवलं. तो आजही पहिल्या रांगेत बसला होता. अकरा गुरुवारांचं दुसरं आवर्तन.

सान्वी आणि तिची आई कलावती टिटवाळ्याहून आल्या होत्या, खांबाशी बसल्या होत्या. नीरजा त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

"सान्वी, फॉर्म भर गं. दीड तास आहे."

"मॅडम, मम्मी नाही बोलतेय."

"तुम्ही शिकलेली माणसं," कलावती कुजबुजल्या, "तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही. एवढ्या पोरांना चांदणी मिळाली, ती काय खोटी?"

"खरी आहे, ताई. ती महाराज देत नाहीत. मी देते."

कलावतींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तीही आता खुर्चीत बसायला निघाली होती.

नीरजा उभी राहिली. "मला बोलायचंय."

"या, मॅडम," महाराज गोड हसले. "आकडे शिकवणाऱ्यांना आकड्यांपलीकडचं दिसत नाही, तरी बोला."

"दुसऱ्या वर्षाच्या निकालात एकसष्ट जणांना चांदणी आहे. त्यातले इथे किती आहेत? हात वर करा."

हात वर झाले. ती मोठ्याने मोजत गेली. एकोणीस.

"उरलेले बेचाळीस कुठे आहेत?"

दारात टेकून उभा असलेला राजरत्न, जो फक्त मित्राला बाइकवरून सोडायला आलेला, त्याने हात वर केला. "मॅडम, मलापण आलीय. मी आज पहिल्यांदा आलोय इथे. त्या आठ दिवसांत तर मी क्रिकेट खेळत होतो."

हशा पिकला. "ती दूरकृपा!" महाराज म्हणाले.

"काय बोलताय महाराज, मी तर तुम्हाला फुल शिव्या घालायचो!"

हशा वाढला. नीरजा थांबली नाही. "अकरा गुण कमी असलेल्या एकाला तरी चांदणी आणलीत? बारा? तेरा? एकाला?"

महाराजांनी डोळे मिटले. नीरजाच पुढे बोलली.

"एकूण दहापर्यंत गुण कमी पडले तर कॉलेज ते स्वतः भरून देतं. न मागता, सगळ्यांना. कच्ची यादी त्याच्या आधी लागते, पक्का निकाल नंतर. महाराज हे मधले आठ दिवस वापरतात. जे तसेही पास होणार, त्यांना अंगारा. जे होणार नाहीत, त्यांना गुरुवार."

"मग हे लिहिलेलं का नाही कुठे?" एक बाप उठला.

"लिहिलेलं होतं. मी काढलं."

मग पहिल्या रांगेतून विश्राम वळला. "तुम्हाला माहीत होतं? मागच्या वर्षी?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

नीरजाकडे वाक्य तयार होतं, पडद्याची रुंदी, तक्ता, हरिहर सर. ते ती बोललीच नाही. "लाज वाटली. माझी चूक दिसली असती म्हणून. तुझं वर्ष त्यात गेलं."

"म्हणजे तुम्हीपण फसवलंत!" कुणीतरी ओरडलं.

"हो. त्यांनी बोलून, मी न बोलून."

व्यासपीठावरून आरतीची घाई सुरू झाली. निम्मी माणसं उभी राहिली, निम्मी चपला शोधू लागली. कलावतींनी पदराने कपाळावरचा अंगारा पुसला नाही, पण लेकीच्या हातात मोबाइल दिला. "भर." मग नीरजाला विचारलं, "मॅडम, फॉर्म भरला की पास होईल ना?"

"तसं सांगता येत नाही, ताई. अभ्यास केला तर शक्यता बरीच वाढते. मी रोज दुपारी कॉलेजात बसते, तिला पाठवा."

पास होईल असं ठणकावून सांगणारा माणूस पाच पावलांवर बसला होता. तरी कलावतींनी मान हलवली आणि खिडकी बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी सान्वीचा फॉर्म गेला.

विश्राम शेजारी येऊन उभा राहिला. नीरजाकडे न बघता सान्वीला म्हणाला, "झालं असेल तर दे इकडे. माझापण भरायचाय."

वाचकहो, चमत्कार दिसला की आधी मोजा: किती जणांना झाला, किती जणांना झाला नाही, आणि जे तिथे गेलेच नाहीत त्यांचं काय झालं. उत्तर कळेपर्यंत हात जोडू नका. आणि ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने कुणी विचारायची वाट पाहत बसू नये. त्या वाट पाहण्यात एका मुलाचं वर्ष गेलं, आणि ते कुठल्याच नियमाने परत देता येत नाही.