इंदुताईनं नाक ओढणं सोडलं

नागपूरकडून मौद्याच्या अलीकडच्या त्या गावात इंदुताईच्या हाताखालून न गेलेलं एक माणूस शोधून दाखवा! मान लचकली, इंदुताई. पोटात मुरडा आला, इंदुताई. आणि बाळंतीण म्हटली की सव्वा महिना रोज सकाळी आईची मालिश, शेक, आणि मग बाळ. पाय लांब करून बसायचं, बाळाला नडगीवर टाकायचं, तेल चोळायचं, डोकं गोल करायचं आणि शेवटी चिमटीत नाक धरून हलकेच ओढायचं. त्यानं नाक सरळ निघतं म्हणे. म्हणे एवढ्यासाठी, की गावात एकदा नजर फिरवा, निम्मी नाकं भज्यासारखी बसलेली. पण याबद्दल कोणी कधी इंदुताईला विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

मग देवकाबाईच्या घरी नात झाली.

देवकाबाईचा दुर्गेश बंगळूरला हॉटेलात कामाला होता, तिथून मिझोरमची बायको करून आला. तिचं नाव झुआली. दोघं नागपूरला प्रताप नगरात खोली करून राहायची. झुआलीचं माहेर पडलं तिकडं दूर, म्हणून बाळंतपणाला सासूकडे आली. आता देवकाबाई काही वाईट बाई नव्हती. डिंकाचे लाडू केले, मेथ्या भिजवल्या, रात्र रात्र जागली. पण पाचव्या दिवशी तिनं इंदुताईजवळ पाट सरकवला आणि आवाज खाली करून बोलली, "इंदे, नाक जरा जोरानं ओढ. अन् डोळे बी कोपऱ्यातून ओढून पाह्य. पोट्टी आपल्यासारखी दिसली पाहिजे. बारसं आता सव्वा महिन्यानं करतो, तोवर कोणाले दाखवतच नाही. नाहीतर बाया चिनी चिनी करतील."

इंदुताईची चिमूट बाळाच्या तोंडापर्यंत गेलेली, तिथंच थांबली. बाजेवर झुआली भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला मराठी फारसं कळत नसे, पण 'चिनी' हा शब्द तिनं बंगळूरपासून नागपूरपर्यंत पुरेसा ऐकला होता.

"मी नाही ओढत," इंदुताई बोलून गेली.

"काहून वं? काल देवरावच्या नातवाचं तं ओढलं तू!"

 इंदुताईनं बाळाला आंघोळ घातली, धुरी दिली, गुंडाळून आईजवळ ठेवलं आणि चालती झाली.

घरी जाताना डोक्यात नुसता गोंधळ. देवरावची सून रितिका काल हेच म्हणाली होती, 'ताई, नाक काढून द्या.' तेव्हा हात अडला नाही. मग आज काय झालं? लेकरू तसंच, तेल तेच. सगळ्यांचं ओढायचं अन् एकीचं सोडायचं, हा कुठला न्याय? आणि ओढलं तर ओढलं, कोणाचं काय बिघडणार होतं? पण देवकाबाई 'आपल्यासारखी' म्हणाली ते काट्यासारखं टोचत होतं. लहानपणी आत्या तिला स्वतःला बेसन लावून घासायची, रंग उजळावा म्हणून, गाल सोलून निघेपर्यंत. तेव्हाही सगळे म्हणायचे, तुझ्या भल्यासाठीच. भलं झालं होतं की नव्हतं, हे इंदुताईला या वयातही सांगता आलं नसतं. पुढचे दोन दिवस ती देवकाबाईकडे मालिश करून येई, नाकाला मात्र हात लावत नसे, आणि देवकाबाई तिच्याशी बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी झुआली स्वतःच इंदुताईच्या दारात उभी! कानाला रुमाल, बाळाचं तोंड शालीखाली पार झाकलेलं. ओट्यावर रितिका आणि आणखी एक बाई आपापली लेकरं घेऊन बसल्या होत्या.  रितिकानं आपलं पोरगं अलगद दुसऱ्या मांडीवर घेतलं, झुआलीपासून लांब.

झुआली हिंदीत म्हणाली, "ताई, आप सबका खींचती हो. मेरी बेटी का क्यों नहीं? इसका ठीक नहीं हो सकता क्या?"

अगं आई गं!  आपण झुआलीची बाजू घेतली असं इंदुताईला वाटत होतं, आणि ती काय समजून बसली होती! नाक ओढलं तर देवकाबाईचं खरं. एकट्या या लेकराचंच सोडलं तर ते दुरुस्तीच्या पलीकडचं ठरलं. इकडून जा की तिकडून, दोष त्या आठ दिवसांच्या जिवाचाच. इंदुताई गोंधळून कधी झुआलीकडे पाहे, कधी रितिकाच्या पोराकडे.

आणि मग तिला रागच आला. कोणाचा ते तिलाही कळलं नाही, बहुतेक स्वतःचाच.

"आजपासून मी कोणाचंच नाक ओढणार नाही," ती म्हणाली. "कोणाचंच नाही."

"अन् आमच्या पोराचं काय?" रितिका चिडली. "अर्धवटच सोडता काय?"

"तुया पोराचं नाक चांगलं हाय. हिच्या पोरीचं बी चांगलं हाय. दुर्गेशचं मी सहा महिने ओढलं, जाऊन पाह्य त्याचं नाक! देवानं दिलं ते दिलं. तिचं वाईट म्हणाल तं मी कोणाच्याच घरी येत नाही, जा!"

रितिका खरंच उठून गेली. आठवड्याभरात चार घरांनी मौद्याची दुसरी मालिशवाली लावली. इंदी सटकली, असं गावभर झालं. देवकाबाई अंगणात येऊन ओरडून गेली, "माया नातीपायी गावाची नाकं ओढणं सोडलं म्हणतेस! आता तं शेंबडं पोरही माया घराकडे पाहून राहिलं!"   आपण भलं केलं की त्या घराला चव्हाट्यावर आणलं, हे काही केल्या इंदुताईला उमजेना.

बारशाला तिला दुर्गेशनं बोलावलं. ती दाराशीच बसली. बाया पाळण्याभोवती जमल्या होत्या, पण लेकरू अजून देवकाबाईच्या कडेवर, तोंडावर शाल. शेवटी नागपूरच्या गांधीबागेतून आलेली देवकाबाईची नणंद म्हणाली, "दाखव ना वहिनी, किती झाकशील?" आणि तिनंच शाल ओढली. सगळ्या बाया वाकल्या.

"माय वं," नणंद म्हणाली. "नाक कोणावर गेलं हिचं?"

देवकाबाईनं खोलीभर पाहिलं. झुआली मान खाली घालून उभी होती. दाराशी इंदुताई. देवकाबाई तिच्याकडे रागानंच पाहत राहिली, आणि त्याच रागात नणंदेकडे वळली. "तिच्या मायवर गेलं. तिची माय माया घरची सून हाय. काही म्हणायचं हाय तुले? नसंल तं घे हातात."

नणंदेनं लेकरू घेतलं. बायांनी पाळण्याची दोरी धरली.

झुआली हळूच इंदुताईजवळ सरकली. "क्या बोली मम्मी?"

इंदुताईचं हिंदी कच्चं, आणि डोळे भरून आलेले. "बोली के," तिनं नाक ओढलं, स्वतःचं, पदराला पुसलं. "बोली के, लडकी मां पे गई है."