पाऊस आला की मरणारी स्कूटर

आता जे सांगणार आहे ते कुणाला पटायचं नाही. पटलंच एखाद्याला, तर त्याने आधी आपलं डोकं तपासून घ्यावं. पण ज्याची गोष्ट, तो हा काय, इथंच दूध केंद्राच्या ओट्यावर कॅनला टेकून बसलाय आणि त्याची बायको पलीकडे नळाखाली किटल्या विसळतेय. बाहेर धो धो कोसळतंय, टँकरचा पत्ता नाही. मग तोंडं मिटून बसण्यापेक्षा ह्या आबाचं ऐका.

ह्याला सगळे ठिणग्या म्हणतात. आईबापाने ठेवलेलं नाव आता ह्याचं ह्यालाही आठवत नसेल. राग असा, की पावसात उघड्या डोक्याने उभा राहिला तर टाळूवर पडलेलं पाणी पायाशी येईतो उकळायचं. शेजारीण त्या पाण्यात तेलकट भांडी घासून घ्यायची, साबण वाचायचा.

ठिणग्याचा धंदा दुधाचा. वस्तीवरच्या घराघरांतलं दूध स्कूटरवर लादायचं आणि टेकाडापलीकडच्या ह्या केंद्रावर टँकर यायच्या आत पोचवायचं. टँकर चुकला की दूध परत, आणि परतलेलं दूध दुपारपर्यंत नासलेलं. दुसरा आधार नाही. पोट म्हणा, पत म्हणा, सगळं त्या दोन चाकांवर.

उन्हात ती स्कूटर टेकाड असं चढायची, की मागचे कॅन आपसूक टाळ्या वाजवायचे. पण पाऊस लागला की तिच्या अंगात यायचं. ओढ्यापर्यंत धड जायची, मग फट, फट, फुस्स. काळा धूर सोडायची आणि चिखलात मेलेल्या घोरपडीसारखी पडायची. एकदा तर असे आचके देत गेली, की कॅनचं झाकण उघडलं तर आत दुधाच्या जागी लोणी. केंद्रावरचा माणूस म्हणाला, "लोणी घ्यायचं यंत्र नाही आमच्याकडं." ठिणग्याने त्याचाही बाप काढला.

बरं, गाडीच्या काळजीत ह्याने कसूर ठेवली नव्हती. पाऊस धरला की गोठ्यावरचा प्लास्टिकचा कागद ओढायचा आणि स्कूटरच्या पोटाला चहूबाजूंनी गुंडाळायचा. वरून सुतळीने असा आवळायचा, जशी काय बाळंतीणच. थेंबाची म्हणून आत जायची टाप नव्हती. इकडे गोठ्यात वासराच्या पाठीवर धार लागायची आणि बायकोच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"गोठा उघडा पाडून गाडीला पांघरूण? वासरू खोकतंय, ऐकू येतं का?"

"गाडी चालली तर वासरू जगेल!"

"आणि गाडी चालतेय कुठं?"

ठिणग्याने बादलीला लाथ घातली. बादली कुठं गेली ते अजून सापडलेलं नाही.

आठवडाभरात दूध फिरून फिरून परत आलं, तशी वस्तीवरची थोरली काकू अंगणात येऊन उभी राहिली. काकू म्हणजे भरलेली बंदूक.

"ऐक रे ठिणग्या. माझ्या गाईने काय नासवायला दूध द्यायचं? उद्या टँकर चुकला तर परवापासून समदी वस्ती टेम्पोवाल्याला दूध घालणार. मग तू बस त्या खटाऱ्यावर, अंडी उबव."

हे ठिणग्याला असं झोंबलं, की तो तसाच पावसात स्कूटर ढकलत पेट्रोलवाल्याच्या दारात जाऊन भिडला. "पाणी विकतोस का रे, चोरा?"

पेट्रोलवाला बिचारा म्हणाला, "दादा, पाणी असतं तर उन्हातपण बंद पडली असती की."

"मला शिकवतो?" टाकीतलं सगळं पेट्रोल ठिणग्याने त्याच्या पायाशी ओतलं आणि तेच्या तेच पुन्हा विकत घेतलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तिथून थेट मिस्त्रीकडे. छपराखाली शिरल्यावर ह्याने कागद सोडला, नीट घडी करून डिकीत टाकला. चांगली वस्तू, तेलकट हात कशाला लागायला हवेत?

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"मला काय होतंय? तुझ्या हाताला लकवा झालाय! परवाच प्लग साफ केलास ना?"

मिस्त्रीने प्लग काढला. तव्याच्या बुडासारखा काळा. पुसला, बसवला, किक मारली. स्कूटर वाघिणीसारखी गुरगुरली.

"चालतेय की."

"इथं चालते रे! पावसात मरते!"

"पावसात? थांब." मिस्त्रीने भरली बादली उचलली आणि भसकन इंजिनावर ओतली. प्लगच्या टोपीवर, वायरीवर, सगळीकडं. स्कूटरने पापणीसुद्धा लववली नाही. "बघ. न्हाऊ घातली तरी चालते. दुखणं गाडीत नाही, मालकात आहे."

"माझ्यात? अरे, पोटच्या पोरीसारखी जपतो मी हिला!"

"जपतोस म्हणजे नेमकं करतोस काय?"

ह्या एका प्रश्नाला ह्याने सरळ उत्तर दिलं असतं, तर गोष्ट इथंच संपली असती. पण ठिणग्याला कुणी काही विचारलं की त्याला ती शिवीच ऐकू येते. "मी काय करतो ते विचारणारा तू कोण? तुझा सासरा बसलाय का माझ्या घरी?" म्हणत ह्याने पाना भिरकावला, बाहेर येऊन कागद गुंडाळला आणि मिस्त्रीच्याच सुतळीने दोन वेढे जास्त आवळले. वळणावर स्कूटर मेली. मिस्त्री दारातून हसताना दिसला, म्हणून ह्याने ती ढकलत लांबच्या वाटेने घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ फाटलं होतं. काकू डोक्यावर पोतं घेऊन दारात, मागे वस्तीच्या बायका, समोर भरलेले कॅन. कागद गुंडाळून स्कूटर तयार. ठिणग्याने किक मारली. फट, फुस्स. दुसरी मारली, तिसरी मारली. मग मोजणारे थकले. पायातली चप्पल उडाली ती थेट काकूच्या पोत्यावर. गोठ्यात वासरू खोकायला लागलं. बायका आपापले कॅन उचलायला वाकल्या.

आणि तेव्हा, मंडळी, ठिणग्याच्या डोक्यात लख्ख वीज चमकली! स्वतःच्या, हो, स्वतःच्याच अकलेने ह्याने ओळखलं, की इंजिनालाही नाक असतं. त्याला हवा ओढावी लागते. आणि पावसापायी आपणच त्याचं नाकतोंड दाबून धरलंय! मग काय, सुतळी दातांनी तोडली. कागद टराटरा फाडला, चिंध्या ओढ्यात भिरकावल्या. एक किक, आणि स्कूटर अशी सुटली, अशी सुटली, की पावसाचा थेंब वरून निघायचा आणि खाली येईतो ठिणग्या पुढं गेलेला असायचा. टेकाडावर टँकर गाठला, मागं टाकला, केंद्रावर पोचला तेव्हा अंग कोरडं ठणठणीत, आणि दूध...

ओट्यावर ठिणग्याने मिशीला पीळ दिला. नळाखाली किटली दाणकन आपटली.

"आबा, पुरे!" ठिणग्याची बायको ओल्या हातांनी कमरेवर पदर खोचत ओट्यापाशी आली. "टराटरा फाडला? ओढ्यात टाकला? मग आत्ता माझ्या गोठ्यावर काय पांघरलंय, ह्यांचा सदरा? तो कागद मी ओढून नेला. वासरू गारठून मरायला टेकलं होतं म्हणून नेला, गाडीची मला काय पडलीय! नाक म्हणे, अक्कल म्हणे! मी कागद घेऊन चार पावलं गेले नाही तोच मागं गाडी सुरू झाली. आणि हे काय म्हणाले, सांगू सगळ्यांना? म्हणाले, 'बघ, माझ्या लाथेला घाबरली!'"