रम्याचे गुपित आणि मी

मी एक जुना वकिली गाऊन आहे. मित्रांनो, तंजावरच्या एका शिंप्याने मला विशालाक्षी वकिलांसाठी शिवले, त्याला आता बावीस वर्षे झाली.

फौजदारी कोर्टात त्या आरोपींची बाजू मांडत. तिरुवैयारूच्या एका सायकल दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी चोरीच्या खोट्या आरोपातून सोडवले, तेव्हा त्याच्या आईने माझे टोक डोळ्यांना लावले. ते सुख मी विसरलो नाही. पुढे त्या कुटुंब न्यायालयातही उभ्या राहू लागल्या.

श्रीकर हा त्यांचा ज्युनियर. त्यांच्यासारखाच इथल्या मराठी घरातला. त्यांना अक्का म्हणायचा. त्याला सनद मिळाली त्या दिवशी विशालाक्षींनी मला इस्त्री करून त्याच्या खांद्यांवर घातले. "हा घालून मी कधी अशिलाला फसवलं नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

मग रम्या आली. तिचा नवरा दोघांच्या मुलीचा, लावण्याचा, ताबा मागत होता. ऑफिसात बसून रम्या रडत म्हणाली, "एकदा मी लावण्याला पापनाशमच्या बस स्टँडवर सोडलं आणि बसमध्ये चढले. सगळं नको झालं होतं. पुढच्या स्टॉपवर उतरले, धावत परत आले."

विशालाक्षींनी तिचा हात धरला. "हे या खोलीबाहेर जाणार नाही."

श्रीकर शेजारी टिपणे घेत होता. मी त्याच्या अंगावर होतो.

चार दिवसांनी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याने ते सारे नवऱ्याच्या वकिलाला सांगितले. त्या वकिलाच्या चेन्नईच्या ऑफिसात त्याला जागा हवी होती. मी ऐकत राहिलो. मला अंगावरून गळून पडावेसे वाटले.

उलटतपासणीत प्रश्न आलाच. "पापनाशमला मुलीला टाकून गेला होतात ना?"

रम्याने विशालाक्षींकडे पाहिले. विशालाक्षी मागे वळल्या आणि श्रीकरने मान खाली घातली.

"हो," रम्या म्हणाली. "आणि परत आले तीही मीच."

पुढे निकाल लागला आणि लावण्या आईकडेच राहिली. पण त्या दिवशी कोर्टाबाहेर येताच रम्या विशालाक्षींना म्हणाली, "मी हे फक्त तुमच्याजवळ बोलले होते."

"माझ्याच ऑफिसातून गेलं. चूक माझी," विशालाक्षी म्हणाल्या.

रम्या निघून गेली. निकालानंतर पुन्हा कधी आली नाही.

संध्याकाळी श्रीकर म्हणाला, "अक्का, माझं ऐकून तरी घ्या."

"बार कौन्सिलला सांग. मी तक्रार पाठवली आहे. गाऊन काढून ठेव."

त्यांनी मला कपाटात टांगले, पण पुन्हा अंगावर घेतले नाही. त्यांचा राग माझ्यावर नसेलही. तरी त्या दिवशी व्हरांड्यात मी त्याच्याच खांद्यांवर होतो, हे मला पुसता येत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा किंवा नका दाखवू, कसर लागायची ती लागेल. पण कुणी रडत रडत तुमच्याजवळ काही बोलले, तर ते जपा. ते तुमचे नसते. तुमच्याजवळ फक्त ठेवायला दिलेले असते.